लाल कुपन

वर्गात मी एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की पोरं माझ्यामागं माझी नक्कल करायची. जावा ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन शब्द सारखे आहेत का हे बघायचं असेल, तर मधे दोन बरोबरची चिन्हं घालायची नाहीत, इक्वल्स लिहायचं. मी हे फळ्यावर लिहायचे, जर्नलमध्ये खोडून दाखवायचे, प्रॅक्टिकलला त्याचेच मार्क कापायचे. पोरं मान डोलवायची आणि पुन्हा तेच लिहून आणायची. वर तोंड करून सांगायची, "चालतंय की मॅडम, बघा, उत्तर बरोबर आलंय." हे 'चालतंय की' ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मला राग लवकर येतो आणि आलेला लवकर जात नाही. आई म्हणायची, संघप्रिया, तुझं नाव ठेवताना आम्ही तुझा आवाज ऐकलेला नव्हता.

दोन हजार पाच साल होतं. कोल्हापुरातल्या एका खाजगी कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबची इन्स्ट्रक्टर होते, तीही तात्पुरती. रोज हातकणंगल्याहून यायचे. कॉलेजच्या आवारातच मुलांचं वसतिगृह होतं आणि त्याची मेस. बुधवारी दुपारी मेसमध्ये मटण असायचं. त्या दिवशी आम्हा स्टाफलाही तिथं जेवता यायचं, आणि मी एकही बुधवार चुकवत नव्हते. मेसचा स्वयंपाक शालूबाई बघायच्या. पोरगं ताट घेऊन समोर आलं की त्या विचारायच्या, "वशाट का साधं रं?" वशाट म्हणालं की तांबडा रस्सा, साधं म्हणालं की आमटी. इतकी वर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग आमच्या रेक्टरांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. हंबीरराव त्यांचं नाव. आडवा बांधा, खणखणीत आवाज, आणि बोलताना समोरच्याचं ऐकायचं असतं हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसावं. कॉलेजची तपासणी करायला सोमवारी विद्यापीठाची समिती येणार होती. समितीला दाखवायला काहीतरी नवं पाहिजे म्हणून त्यांनी मेस कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. प्रोग्रॅम लिहिला त्यांच्या भाच्यानं, सयाजीनं. सयाजी माझ्याच वर्गात दुसऱ्या वर्षाला होता. पोरगं हुशार होतं, पण उतावळं.

प्रोग्रॅम साधाच होता. नाव टाइप करायचं, मग व्हेज का नॉनव्हेज ते टाइप करायचं. स्क्रीनवर 'पांढरं' आलं तर क्लार्क पांढऱ्या कुपनांचं पुस्तक हातात द्यायचा, 'लाल' आलं तर लाल. पांढरं म्हणजे साधं जेवण, लाल म्हणजे मटण. एकदा उत्तर दिलं की कॉम्प्युटर ते विसरून जायचा, कुठं साठवून ठेवत नव्हता. वसतिगृहातल्या जुन्या पोरांची नावं आणि आवड सयाजीनं आधीच प्रोग्रॅममध्येच लिहून टाकली होती. नव्यानं येणाऱ्यांनी फक्त कीबोर्डवर बसायचं. हंबीररावांनी मेसच्या दारात पाटी लावली: कुपन बघून वाढले जाईल. शालूबाईंना तोंडी ताकीद दिली, "आता कुणाला इचारायचं न्हाय. तोंड न्हाय, कुपन बघायचं."

मीही कीबोर्डवर बसले, नॉनव्हेज टाइप केलं आणि लाल पुस्तक घेऊन आले. मला लालच पाहिजे होतं, त्यामुळं मला काहीच खटकलं नाही.

सोमशेखर त्या वर्षी उशिरा आला होता. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाला लागून असलेल्या गावचा पोरगा. लिंगायत घर, गळ्यात लिंग. घरात कांदा-लसूण चालायचा, पण मटणाचं नाव काढायची सोय नव्हती. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. त्याच्याबरोबर आणखी चार-पाच नवी पोरं आली, ती सगळी मटणवाली. सगळे कीबोर्डवर बसून आले आणि सगळ्यांना लाल पुस्तकं मिळाली. लाल म्हणजे काय हे सोमशेखरला ठाऊक नव्हतं. पुस्तकावर फक्त मेसचं नाव आणि नंबर होता.

बुधवारी तो रांगेत उभा राहिला, लाल कुपन दिलं, शालूबाईंनी कुपन बघितलं आणि रस्सा वाढला. त्याला वाटलं तिखट आमटी असेल. मी दोन टेबलं सोडून जेवत होते. त्यानं भाकरी बुडवून पहिला घास तोंडात टाकला, दुसऱ्याला वाटीत बोट घातलं तर हाताला हाड लागलं. तो उठला तो तोंडावर हात धरून, दारापर्यंतही पोचला नाही.

आणि पोरं हसली. मला सगळ्यात जास्त राग त्या हसण्याचा आला, पण त्याचं कारणही मला माहीत होतं. आमच्याकडच्या प्रत्येक वसतिगृहात अशी दोन-चार पोरं असतातच, जी घरी सोवळी असतात आणि मेसमध्ये रस्सा ओरपतात. गावी कळू नये म्हणून कागदावर शाकाहारी, ताटात मटण. सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि सगळे त्यावर हसतात. त्यामुळं सोमशेखर 'मी व्हेजच लिवलतं' म्हणाला तेव्हा एकानंही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. "पहिल्यांदा सगळ्यांला असंच हुतंय, सोम्या," कुणीतरी ओरडलं, आणि मेस पुन्हा हसली.

हंबीरराव तिथंच होते. त्यांनी त्याचं लाल पुस्तक हातात घेऊन उंच धरलं. "हे कुणी मागितलं? म्या? बाकीच्या शाकाहारी पोरांस्नी पांढरी पुस्तकं मिळाल्यात का न्हाय? सगळ्यांस्नी मिळाल्यात. तुझंच तेवढं लाल कसं आलं? कॉम्प्युटर कधी चुकत न्हाय आणि खोटंबी बोलत न्हाय. खायाचं तर उघड खा, हितं नाटकं करू नगंस."

ताटं घेतलेली सगळी मेस ऐकत होती. सोमशेखर तोंड पुसत उभा होता. मग तो निघून गेला. त्यानंतर तो मेसमध्ये जेवायला आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी सयाजीला गाठलं. प्रोग्रॅम दाखव म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, प्रोग्रॅम बरोबर हाय. सगळ्या व्हेजवाल्यांना पांढरं आलंय. मी स्वतः तपासलंय."

"कुणाची नावं घालून तपासलंस?"

"जुन्या पोरांची. ती आतच हायत की."

तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याच्या पाठोपाठ संताप. मी म्हटलं, ती ओळ मला दाखव. तो म्हणाला मामांनी लॅपटॉप कपाटात ठेवलाय, समिती येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी मामांकडं गेले. हंबीररावांनी मला खुर्चीही दिली नाही.

"मॅडम, तुम्ही त्या पोराची बाजू कशाला घेतासा? तुमच्यात तर सगळंच चालतंय की. साध्याचं तुम्हाला काय कळणार?"

'तुमच्यात' म्हणजे काय ते मला कळलं आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. आमचं घर बौद्ध. हा 'तुमच्यात' मी शाळेपासून ऐकत आलेय. मी म्हटलं, "सर, मला मटण आवडतं, म्हणून दुसऱ्याच्या ताटात ते न विचारता टाकायचं का?" ते म्हणाले, "तुम्ही तात्पुरत्या हायसा, तेवढं ध्यानात ठेवा." मी ध्यानात ठेवलं. दार आपटून बाहेर आले.

शनिवारी सकाळी सोमशेखरचे वडील आले. बसवराज त्यांचं नाव. गावात चांदीचं दुकान, हुपरीहून पैंजण नेऊन विकायचे. गावच्याच एका पोरानं घरी फोन केला होता की तुमचा सोमशेखर मटण खातोय आणि वर पकडल्यावर रडतोय. धोतर, पांढरी टोपी, एका हातात भाकरीचं गाठोडं. दुसऱ्या हातात पोराची ट्रंक, ती त्यांनी वसतिगृहातून भरूनच आणली होती. ऑफिसच्या दारात ते उभे राहिले आणि हंबीररावांना म्हणाले, "पावणं, पोराला न्यायला आलोय. दाखला द्या. दुपारच्या गाडीनं जायचं हाय."

मी तिथं होते. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या ह्या पोरानं आल्यापासूनच्या आठवडाभरात जे प्रोग्रॅम लिहिले होते ते बाकीचे दोन वर्षांत लिहिणार नाहीत, हे मला माहीत होतं. दाखला काढला की तो थेट दुकानाच्या गादीवर बसणार, आणि गावात त्याच्या पाठीमागं मटणाचं बोललं जाणार ते वेगळंच.

हंबीरराव म्हणाले, "अवं, एवढं मनाला लावून घेऊ नगासा. पोरं हितं आली की शिकत्यात खायला. चालतंय की."

बसवराजांनी गाठोडं टेबलावर ठेवलं. "माझा पोरगा म्हणतोय त्यानं मागितलं न्हाय. तुमी म्हणतासा मशीन म्हणतंय त्यानं मागितलं. मग ते मशीन मला दाखवा. माझ्या पोराला खोटं पाडणारं तोंड कसलं हाय ते बघतो आनि जातो."

आता हंबीररावांना नाही म्हणता येईना. लॅपटॉप कपाटातून निघाला आणि लॅबमध्ये आला. सयाजीला बोलावलं. सोमशेखरही आला, पण वडिलांपासून दूर, खिडकीपाशी उभा राहिला. मी बसवराजांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "काका, तुम्हीच टाइप करा. नाव, आणि मग व्हेज."

त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर शोधून दाबलं. मी शेजारून अक्षरन् अक्षर तपासलं. मग एंटर. स्क्रीनवर आलं: लाल.

बसवराज स्क्रीनकडं बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बगा. आता मीबी मटण खातोय."

"टायपिंग चुकलं असंल," हंबीरराव म्हणाले.

"मग तुम्ही टाइप करा, सर," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवणार नव्हते. हंबीररावांनी स्वतःचं नाव घातलं, व्हेज घातलं. लाल. मी माझं नाव घातलं, व्हेज घातलं. लाल. मग मी एका जुन्या शाकाहारी पोराचं नाव घातलं, जे आत लिहिलेलंच होतं. पांढरं.

सयाजीचं तोंड उतरलं होतं. तो घाईनं पुढं आला. "एक मिनिट, मॅडम, आत्ता दुरुस्त करतो." मी त्याला करू दिलं, कारण तो काय करतो ते मला बघायचं होतं. त्यानं खाली एक नवीन इफ, म्हणजे 'जर'ची ओळ, घातली: नाव सोमशेखर असेल तर पांढरं. बाकी सगळं तसंच. घाईघाईत इफच्या कंसापुढं अर्धविराम पडला तोही त्याला दिसला नाही. त्यानं सोमशेखरचं नाव घालून दाखवलं आणि स्क्रीनवर 'पांढरं' आलं. "झालं बघा."

मी हंबीररावांना म्हटलं, "सर, आता तुमचं घाला. नॉनव्हेज घाला." त्यांनी घातलं. पांढरं. पुन्हा घातलं. पांढरंच.

"आरं, माझं मटण कुठं गेलं?" हंबीरराव म्हणाले. सयाजीच्या कपाळावर घाम आला.

मला हसू यायला पाहिजे होतं, पण संतापच आला. "इफच्या पुढं अर्धविराम टाकला की इफ तिथंच संपतो, सयाजी. पुढचा कंस सगळ्यांसाठीच चालतो. हे मी तुला ह्याच खोलीत शिकवलंय. आणि त्याहून मोठी चूक ती नाही. एका पोरासाठी त्याच्या नावाची वेगळी ओळ कशाला घातलीस? उद्या दुसरा शाकाहारी आला की त्याची ओळ घालणार?"

"माझ्या पोरासाठी येगळी ओळ नको," बसवराज म्हणाले. "सगळ्यांची ओळ नीट करा."

मी खुर्ची ओढली तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते. सयाजीच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती, तो वायर लावल्याशिवाय चालायचाच नाही. स्क्रीन काळी झाली आणि आम्ही सगळे खिडकीच्या उजेडात एकमेकांची तोंडं बघत बसलो.

हंबीरराव म्हणाले, "नेमकं झालंय काय, ते तरी सांगा." पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं होतं. पण मी उत्तर त्यांना दिलं नाही, बसवराजांना दिलं.

"काका, तुमच्याकडं पैंजणाची जोडी असते. त्यातला डावा आणि उजवा सारखा असतो?"

"वजनाला सारखा, नक्षीला सारखा. न्हाय तर गिऱ्हाईक घेत न्हाय."

"पण डावा म्हणजेच उजवा का?"

"तसं कसं? दोन येगळे नग हायत."

"सयाजीनं मशीनला विचारलं, हा तोच नग आहे का? विचारायला पाहिजे होतं, ह्याची नक्षी सारखी आहे का? जुन्या पोरांचं 'व्हेज' सयाजीनं प्रोग्रॅममध्येच लिहिलं होतं. तिथं मशीन एकच नग सगळ्यांना वापरतं, म्हणून उत्तर 'हो' आलं. तुमच्या मुलानं कीबोर्डवर स्वतः 'व्हेज' लिहिलं, तो नवा नग झाला. अक्षरं तीच, नग वेगळा. मशीन म्हणालं, हा तो नव्हे. दोन बरोबरच्या चिन्हांचा अर्थ तोच होतो. म्हणून मी वर्षभर ओरडतेय की इक्वल्स लिहा."

बसवराजांनी मान हलवली. मग म्हणाले, "आनि 'न्हाय' म्हटल्यावर मटणच का? उपाशी का न्हाय ठेवलं?"

ह्या प्रश्नावर सयाजीनं मान खाली घातली. उत्तर मी दिलं. त्यानं लिहिलं होतं: व्हेज असेल तर पांढरं, एल्स लाल. एल्स म्हणजे नाहीतर. जो कशातच बसला नाही तो तिथं जाऊन पडतो. कोल्हापूरच्या पोरानं एल्समध्ये मटण घातलं, कारण त्याच्या मते माणूस म्हटला की मटण खातोच, बाकीचे अपवाद. त्यानं वाईट हेतूनं नाही केलं. विचारच केला नाही. आणि मला विचार न करणाऱ्यांचाच जास्त राग येतो. मी शाळेत होते तेव्हा गुरुजी नावं घेऊन पोरांना जागा द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, बाकीचे तिकडं मागं बसा. आम्ही बौद्धवाड्यातली सगळी पोरं ते 'बाकीचे' होतो. एल्स म्हणजे काय हे मला जावा शिकायच्या आधीपासून ठाऊक होतं.

मी हे सगळं बोलले, तसंच्या तसं, हंबीररावांसमोर. ते खिडकीबाहेर बघत होते.

लाइट आली. मी दोन बरोबरची चिन्हं काढली, इक्वल्स लिहिलं. सयाजीची वेगळी ओळ उडवली. दुसरा इफ घातला: नॉनव्हेज असेल तरच लाल. आणि एल्समध्ये रंग काढून टाकला, तिथं लिहिलं: पुन्हा विचारा. बसवराजांनी पुन्हा एका बोटानं टाइप केलं. पांढरं. हंबीररावांनी नॉनव्हेज घातलं. लाल. मी मुद्दाम भलतंच काहीतरी घातलं. पुन्हा विचारा.

"झालं की मग," हंबीररावांनी टाळी वाजवली. "मिटलं. दुरुस्त झालं. पावणं, च्या घेऊया."

"मशीन दुरुस्त झालं," बसवराज म्हणाले. "माझ्या पोराला सगळ्या मेसम्होरं खोटं म्हटलासा ते कुठं दुरुस्त झालंय? तेबी तितंच करा. न्हाय तर मी गाडीला जातो."

दुपारचं जेवण सुरू झालं होतं. सोमवारच्या समितीची तालीम म्हणून त्या शनिवारीही मटण केलं होतं. आम्ही सगळे मेसमध्ये गेलो. हंबीरराव पुढं, मागं बसवराज ट्रंक आणि गाठोडं घेऊन, सोमशेखर सगळ्यात शेवटी. पोरं ताटावरून मान वर करून बघायला लागली. हंबीरराव मधे उभे राहिले, घसा खाकरला.

"पोरांनो, बुधवारी जे झालं, त्यात कॉम्प्युटरची चूक झालती. ती काढलेली हाय. जेवा."

एवढंच. वळून निघालेसुद्धा.

मी म्हटलं, "सर, थांबा." ते थबकून वळले. "बुधवारी तुम्ही ह्याच जागेवर म्हणालात, कॉम्प्युटर चुकत नाही. तेव्हा पोराला खोटं पाडायचं होतं. आज तुमच्यावर आलं तर कॉम्प्युटर चुकला? कॉम्प्युटर तेव्हाही चुकला नव्हता आणि आजही नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्यानं खरं उत्तर दिलं. विचारणारा चुकला. आणि पोरगं 'मी मागितलं नाही' म्हणत असताना तुम्ही त्याला विचारलंच नाही. ते कुठल्या प्रोग्रॅमनं केलं?"

"मॅडम, तुमची ऑर्डर अजून पक्की व्हायची हाय," हंबीरराव दात ओठ खात म्हणाले.

"मग नका करू पक्की."

बसवराजांनी ट्रंक उचलली. त्यांना हवं ते मिळालं नव्हतं आणि मिळणारही नव्हतं, हे त्यांना कळलं होतं. ते दाराकडं वळले. "चल, सोमू. तुझी अव्वा घरात वाट बघाय लागलीया."

तेवढ्यात सयाजी उठला. तो आल्याआल्या टेबलापाशी जाऊन बसला होता, पुढ्यात ताट होतं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "न्हाय मामा. चूक माझी हाय. ओळ म्या लिवलती. मॅडमनी वर्षभर सांगितलंतं, म्या ऐकलं न्हाय." मग तो सोमशेखरकडं बघून म्हणाला, "तू व्हेजच लिवलंतंस. म्या बघितलं आज. म्याबी हसायला नको होतं."

कुणी हसलं नाही. हंबीरराव भाच्याकडं बघत राहिले. बसवराज दारात थांबले, तरी ट्रंक खाली ठेवली नाही. "चल," ते पुन्हा म्हणाले. "ऐकलं आपण. आता जाऊया."

सोमशेखर हलला नाही.

"सोमू, गाडी जाईल."

"मी का जाऊ, अप्पा?"

तो इतक्या मोठ्यानं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. बहुतेक त्यालाही माहीत नसावं. "मी काय केलंय? मी व्हेज लिवलं. मशीननं ऐकलं न्हाय, सरांनी ऐकलं न्हाय, पोरांनी ऐकलं न्हाय. तुमीबी ट्रंक भरून आणलासा, मला इचारलासा का? ह्या मॅडमसुद्धा माझ्यासाठी भांडाय लागल्यात, पन मला राह्याचं हाय का जायाचं हाय ते कुणीबी इचारलं न्हाय."

त्याचं खरं होतं. रागाच्या भरात मीही त्याला विचारलं नव्हतं.

बसवराज पोराकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि दाराच्या चौकटीला पाठ लावली. भाकरीचं गाठोडं हातातच राहिलं.

सोमशेखरनं ताट घेतलं आणि रांगेत जाऊन उभा राहिला. रांगेतल्या पोरांनी त्याला पुढं सरकू दिलं. वाढपाच्या टेबलाशी हंबीरराव जाऊन उभे राहिले होते. शालूबाई पळी घेऊन त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या, कारण ताकीद त्यांचीच होती. सोमशेखर समोर आला तसा हंबीररावांचा हात सवयीनं पुढं झाला.

"कुपन?"

सोमशेखरच्या हातात ताटाशिवाय काही नव्हतं.

"कुपन न्हाय, सर," तो म्हणाला. "मला इचारा."

सगळी मेस बघत होती. हंबीररावांचा हात तसाच हवेत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, दारातल्या बसवराजांकडं बघितलं, आणि मग हात खाली घेतला.

"काय वाढायचं?" त्यांनी विचारलं.

"साधं," सोमशेखर म्हणाला, आणि शालूबाईंनी त्याच्या ताटात आमटी वाढली.